मुंबई ते गोवा गाडीने जातोय, वाटेतली हटके भेटवस्तूंची दुकानं सुचवा

ठाणेकर_भटका:
नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर मी, बायको आणि आमची बारा वर्षांची कन्या असे गाडीने गोव्याला जातोय. आम्हा तिघांचा एक समान रोग म्हणजे कुठेही गेलो की चित्रविचित्र दुकानं धुंडाळत बसायचं, घेतलं नाही तरी चालेल पण बघायचं. प्रॉब्लेम हा की गोव्यात गेलं की तेच काजू, तेच "आय लव्ह गोवा" वाले टीशर्ट, तीच शिंपल्यांची झुंबरं, आणि तीच झुंबरं मग महाबळेश्वरलाही दिसतात. तर तिथेच बनणारं आणि दुसरीकडे सहज न मिळणारं असं काय आहे, गोव्यात किंवा वाटेत कोकणात? मेव्हणी ऑस्ट्रेलियात असते, तिलाही काहीतरी पाठवायचंय. बजेट मध्यम आहे. काजूचा पत्ता नको, तो आहे.

मालवणी_मिरी:
सावंतवाडी! आमच्या वाडीक येतास तर राजवाडो बघल्याशिवाय फुडे जाव नकात :)
आता नीट सांगते. पहिली गोष्ट, झाराप-पत्रादेवी बायपासने सरळ सुटलात तर सावंतवाडी लागतच नाही, थेट गोव्याच्या हद्दीवर पोचाल आणि मग म्हणाल राहिलंच की. झारापला हायवे सोडायचा आणि आकेरीवरून जुन्या रस्त्याने आत यायचं. मोती तलावापाशी गाडी लावा आणि चितार आळीत चालत जा. लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत ओळीने. रंगवलेली लाकडी फळं आणि भाज्या ही इथली खरी ओळख, आंबा, फणस, केळी, सीताफळ, वांगी. शिवाय भातुकली, पाट, चौरंग. पूर्वी हे सगळं पांगाऱ्याच्या लाकडाचं असायचं, वजनाला एकदम हलकं, आता बाकीची लाकडंही वापरतात.

निवांत_नाना:
मिरीताईंना अनुमोदन, पण जरा डोळे उघडे ठेवून घ्या. त्याच दुकानांत बाहेरून आलेला माल पण असतो, चन्नपट्टणाची खेळणीही विकायला ठेवलेली दिसतात. ती वाईट नाहीत हो, लेथवर फिरवून लाखेचा रंग चढवलेली, गुळगुळीत, झकास असतात, पण ती कर्नाटकातली. सरळ विचारायचं "हे इथलं का?" बहुतेक दुकानदार खरं सांगतात, आणि मग तुमचा इंटरेस्ट बघून मागच्या कपाटातलं काढून दाखवतात ते वेगळंच. फळ हातात घेऊन देठापाशी बघा, हाताने रंगवलेल्या आंब्यावर हिरव्यातून पिवळ्यात आणि पुढे लालसर असा रंग उतरत गेलेला असतो आणि दोन आंबे कधी सारखे नसतात. डझनभर एका छापाचे दिसले तर पुढे चला.

पत्त्यांचा_वेडा:
खेळण्यांवर थांबू नका, राजवाड्यात गंजिफा बघा. हे मी जीव तोडून सांगतोय कारण माझ्या ओळखीतले निम्मे लोक तलावावर फोटो काढून पुढे जातात.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफाचे 120 पत्ते असतात, दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा, राजा, प्रधान आणि मग एक्का ते दश्शी. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू, असं मोजत बसायचं, पोरांना हे फार आवडतं. ही कला जवळजवळ संपल्यात जमा होती, करणारे चितारी एकदोन म्हातारे उरले होते, तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवींनी 1970 च्या दशकात ती पुन्हा उभी केली, सत्त्वशीलादेवी स्वतः शिकल्या. आता राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कलाकार बसून रंगवत असतात, तिकीट काढून आत जाता येतं आणि त्यांच्या शेजारी उभं राहून बघता येतं. बारीक कुंचल्याने नखाएवढा घोडा काढताना बघितलं की किंमत का एवढी ते आपोआप कळतं. पारंपरिक पत्ता म्हणजे चिकटवलेले थर, त्यावर चिंचोक्याची खळ, मग रंग, मग लाखेचा थर.

पूर्ण हाताने केलेला संच हजारोंच्या घरात जातो, मध्यम बजेटला झेपणार नाही. पण एखादा सुटा पत्ता, गंजिफाचं चित्र असलेली लाकडी डबी, कोस्टर, किंवा त्याच शैलीतला 52 पत्त्यांचा कॅट, हे बजेटमध्ये बसेल. मी असतो तर लग्नाच्या आहेराला तेच दिलं असतं, डिनर सेट काय कोणीही देतो. राजवाड्याच्या वेळा आधी फोन करून विचारा, मध्येच बंद असतो.

ठाणेकर_भटका:
अरे वा, हे माहीतच नव्हतं. कन्येला चित्रकलेचं वेड आहे, ती तिथून हलणार नाही बहुतेक. तिला अजून काही दाखवण्यासारखं आहे का त्या बाजूला?

मालवणी_मिरी:
आहे ना, आणि सावंतवाडीच्या आधीच लागतं. कुडाळ सोडलं की पिंगुळी. तिथे ठाकर आदिवासी कला आंगण आहे, गाईंच्या गोठ्यात केलेलं म्युझियम. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ते इथलेच. चित्रकथीची चित्रं, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या. चित्रकथी म्हणजे सुट्या चित्रांची पोथी, एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली गोष्ट गाऊन सांगायची. चित्रं विकत मिळतात, आणि आधी कळवून गेलात तर खेळ पण दाखवतात. चकचकीत दुकान नाहीये, ते डोक्यात ठेवून जा.

पणजीची_पोर:
आता गोव्यावर येऊया का, सगळे वाडीतच अडकलेत :)
कळंगुट-बागाच्या स्टॉलवर वेळ घालवू नका, तुम्ही म्हणताय ती झुंबरं तिथलीच. मोठे शंख आणि पोवळी तर अजिबात घेऊ नका, काही जातींचे शंख आणि पोवळी 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, विकणारा बोलत नाही पण बॅगेत सापडली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

पणजीत फोंतेन्हासमध्ये, म्हणजे जुन्या पोर्तुगीज वस्तीत, चालत फिरा. निळ्या-पांढऱ्या हाताने रंगवलेल्या टाइल्स, म्हणजे अझुलेजो, त्यांची दुकानं आहेत. घराच्या नावाची पाटी ऑर्डर देऊन करून घेता येते, देवनागरीत करून देतील का ते विचारा, मला स्वतःला रोमनपेक्षा तीच छान दिसते. घेण्याआधी पणजीतल्याच मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात 1935 च्या जुन्या टाइल्स बघून या, पोर्तुगालहून आलेल्या. ते एकदा बघितलं की छापील स्टिकरवाली टाइल लगेच ओळखू येते.

दुसरं, गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको, कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवरची चित्रं त्यांचीच. मारियो गॅलरीत कॉफीचे मग, टाइल्स, प्रिंट्स, वह्या, सगळं त्यांच्या चित्रांचं. पर्वरीजवळ तोर्ड्याला हाऊसेस ऑफ गोवा म्युझियम आहे, दोन रस्त्यांच्या बेचक्यात जहाजासारखी इमारत, तिथेही गॅलरी आहे. एका टीशर्टच्या पैशात एक चांगला प्रिंट येतो.

निवांत_नाना:
शुक्रवार मिळाला तर म्हापशाचा बाजार. गिफ्ट शॉप नव्हे, पण मातीची भांडी, टोपल्या, खोला मिरची, असं बरंच. सकाळी जा. आणि फेणी घेणार असाल तर ती गोव्याबाहेर नेण्याचे नियम आधी विचारून घ्या, परतताना इन्सुलीच्या नाक्यावर गाडी तपासतात.

सिडनीची_सून:
मेव्हणीसाठी: लाकडी वस्तू ऑस्ट्रेलियात आणता येते पण डिक्लेअर करावी लागते. विमानतळावर ते साल किंवा किडीची भोकं आहेत का बघतात, रंगवलेलं स्वच्छ फळ सहसा सोडतात. लपवलं तर दंड जबरदस्त. गवताच्या टोपलीत भरून मात्र देऊ नका, टोपलीपायी सगळंच अडकू शकतं. त्यापेक्षा मारियोचा प्रिंट गुंडाळून पाठवा, वजन नाही, कटकट नाही.

ठाणेकर_भटका:
मंडळी, दंडवत. प्लॅन असा होतोय: पिंगुळी, मग झारापला आत, राजवाडा आणि चितार आळी, मुक्काम वाडीत, दुसऱ्या दिवशी पणजी. मेव्हणीला प्रिंट. नावाच्या पाटीवरून घरात आत्ताच भांडण सुरू झालंय, आधी कोणाचं नाव यायचं यावरून. पाटीला किती दिवस लागतात साधारण?

पणजीची_पोर:
रंगवून भट्टीत भाजायला लागते त्यामुळे हातात लगेच मिळत नाही. पोचल्या पोचल्या पहिल्याच दिवशी ऑर्डर द्या, नाही झाली तर कुरियर करतात का विचारून घ्या. आणि टाइल गाडीत आडवी ठेवू नका, उभी, कपड्यांच्या मध्ये.