सीएफचे उंदीर इतके निरुपयोगी आहेत का?

खडूस_जीवाणू: कालच्या धाग्यात विदा_वेडा यांनी ठोकून दिलंय की सिस्टिक फायब्रोसिसच्या (सीएफ, फुप्फुसात घट्ट कफ साचवणारा आनुवंशिक आजार) फुप्फुससंसर्गाच्या अभ्यासासाठी उंदीर मारणं म्हणजे निव्वळ नासाडी, कृत्रिम कफात जंतू वाढवले की भागतं. वाचून डोकं फिरलं. मान्य, 1992 पासूनच्या सीएफटीआर-विरहित (सीएफमध्ये बिघडतं ते जनुक काढलेल्या) उंदरांना आपणहून स्यूडोमोनास (सीएफ रुग्णांच्या फुप्फुसात ठाण मांडणारा जंतू) जडत नाही, बिचारे आतडं तुंबून मरतात. म्हणून तर अगारच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) मण्यांत जंतू घालून श्वासनलिकेत सोडतात. पण कृत्रिम कफात न्यूट्रोफिल (जंतूंवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी) कुठून धावत येणार?

विदा_वेडा: जंतू बाहेर टाकले जाऊ नयेत म्हणून आधी मण्यात कोंडायचे, मग म्हणायचं 'बघा, टिकले!' छान. शिवाय माणसाच्या श्वासमार्गात आम्ल सोडून जंतूंशी लढणं अवघड करणारा एटीपी12ए पंप असतो, उंदराच्यात जवळपास नाहीच. 2016 मध्ये आलंय हे. वाचत जा.

निमूट: माझ्या भावाला सीएफ आहे. रिपोर्टमध्ये ज्या औषधापुढे 'एस' (जंतू औषधाला दाद देतो) होतं ते महिनाभर दिलं, ढिम्म फरक नाही. 'आर' (दाद देत नाही) वाल्याने कफ कमी झाला. ताटलीचं कौतुक मला सांगू नका.

विदा_वेडा: ती मुलर-हिंटनची (औषधचाचणीच्या नेहमीच्या माध्यमाची) ताटली हो! म्यूसिन (कफातलं चिकट प्रथिन), डीएनए, अमिनो आम्लं घातलेला कृत्रिम कफ वेगळा.

निमूट: रुग्णाला काय फरक पडतो?

जुनी_पिपेट: उंदीर असो की ताटली, आत घालता काय? पीएओ1, स्यूडोमोनासचा प्रयोगशाळांतला ठरलेला वाण! 1954 साली मेलबर्नला एका जखमेतून काढलेला. वर्षानुवर्षं फुप्फुसात मुरलेल्या जंतूचं एमयूसी-ए (चिकट थराला आवर घालणारं जनुक) बिघडलेलं, लास-आर (जंतूंच्या आपसातल्या संकेतांचं जनुक) गेलेलं, शेपटी गळालेली. त्याच्याशी याचा काय संबंध?

खडूस_जीवाणू: विषय तो नाही.

जुनी_पिपेट: तोच आहे! आमच्याकडे रुग्णाचा म्यूकॉइड (चिकट, शेंबडा) आयसोलेट (रुग्णातून वेगळा काढलेला जंतू) होता, लूप (तारेचं कडं) लावला की तार सुटायची. सबकल्चर (नव्या ताटलीवर पुन्हा वाढवणं) करकरून कोरडा, सपाट झाला. गाईड म्हणाले, "चालतंय, लिहा म्यूकॉइड." पेपर छापून आला.

विदा_वेडा: म्हणजे तुमच्या गाईडचं पाप आमच्या माथी?

जुनी_पिपेट: फ्रीजर उघडा आणि सांगा, तुमचा पीएओ1 शेजारच्या लॅबशी तरी जुळतो का? त्याचा जीनोम सिक्वेन्स केलाय कधी?

विदा_वेडा: नाही. पुढे?

रानडुक्कर: सीएफची डुकरं घ्या की. 2008 पासून आहेत, फुप्फुसाचा आजार आपोआप होतो.

खडूस_जीवाणू: आणि जन्मल्या जन्मल्या प्रत्येकाचं तुंबलेल्या आतड्याचं ऑपरेशन तुम्ही करणार? विदा_वेडा, त्याच 2016 च्या कामात पुढे काय केलं तेही सांगा ना. सीएफ उंदरांच्या श्वासमार्गात एटीपी12ए घातला, तर जंतू वाढले. हे कृत्रिम कफात दिसलं असतं?

विदा_वेडा: नसतं. घ्या, एक गुण तुम्हाला, फ्रेम करून लावा. मणी मात्र थोतांडच.