नाव कधी द्यायचं?
वर एकांनी लिहिलंय, कोविडनंतर पळणारे घाबरट झालेत, शेवटच्या आठवड्यापर्यंत शर्यतीला नाव देत नाहीत. आमच्या बेळगावकडचं सांगतो. 2021 मध्ये बरेच दिवस महाराष्ट्रातून परत येताना कर्नाटकच्या हद्दीवर निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर कोविडचा आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट मागायचे, तोही 72 तासांच्या आतला. म्हणजे रविवारी कोल्हापूरला किंवा साताऱ्याला पळायचं तर शुक्रवारी नाकात काडी घालून घ्यायची, वर रिपोर्ट वेळेत येतोय का याची धाकधूक. फी परवडली, पण हे झेंगट नको, म्हणून आमच्यातले कितीतरी जण टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोतच फेऱ्या मारत राहिले. (पूर्वी देवीची लस बनायची ती जागा, योग बघा!)

दुसरं पैशाचं. मुंबई मॅरेथॉन जानेवारी 2020 ला झाली ती थेट जानेवारी 2023 ला. मधल्या काळात काही आयोजकांनी फी परत न देता ‘व्हर्च्युअल रन’ गळ्यात मारली: मोबाईलवर अंतर नोंदवा, मेडल कुरिअरने घ्या. माझंही एक तसंच आलंय, अजून पाकिटातच आहे. त्यामुळे लोक आता अर्ली बर्डची, म्हणजे लवकर नाव देण्याची सवलत सोडतात आणि आधी नियम वाचतात, शर्यत रद्द झाली तर फी पुढच्या वर्षाला धरणार का म्हणून. याला घाबरटपणा कसा म्हणायचा?

आजारातून उठलेल्यांचं मात्र वेगळं. छातीत दुखत असेल, धडधडत असेल तर ईसीजी काढून डॉक्टर हो म्हणेपर्यंत फॉर्म भरूच नका. आधीच भरला असेल तर बिब (छातीवर लावायचा नंबर) वाया जाऊ दे.