लेकीला सुशी खायची आहे, सासूबाई शाकाहारी. पुण्यात कुठे जावं, काय मागवावं?

मेधा_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. आमची लेक जपानीची एन४ परीक्षा पास झाली. कॉलेज सांभाळून तिने रानडे इन्स्टिट्यूटला क्लास केला, रात्र रात्र बसून कांजी, म्हणजे जपानीतली चित्राक्षरं, गिरवली. निकाल लागल्यावर "काय हवं?" विचारलं तर एका शब्दात उत्तर आलं, सुशी. म्हणजे आंबूस भातासोबतचा, बहुतेकदा कच्चा मासा. मग सगळ्या घरानेच जायचं ठरलं.

आता घरात कोण कोण ते सांगते, कारण अडचण तिथेच आहे. नवरा सगळं खातो. मी मूळची मालवणची, मासे जन्मापासून खाते, पण शिजवलेले. धाकटा शेझवान राईसच्या पलीकडे जात नाही. आणि सासूबाई पंच्याहत्तरीच्या, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्यांना घरी ठेवून जायचा प्रश्नच नाही. नातीने बजावलंय, आजी नसेल तर पार्टी नको.

पुण्याला समुद्र नाही, मग इथे कच्चा मासा खावा का? आणि आजींच्या ताटात नक्की काय येईल? "व्हेज आहे ना?" विचारलं की वेटर "हो मॅडम" म्हणतो, त्यावर माझा आता भरवसा नाही. मागे एका ठिकाणी व्हेज म्हणून थाय करी मागवली. जेवण झाल्यावर कळलं की करीच्या पेस्टमध्ये कोळंबी होती. सासूबाई तिथे काही बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी आंघोळ केली आणि रात्री जेवल्या नाहीत. ते मला पुन्हा होऊ द्यायचं नाही.

ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया नीट सांगा.

सुहास_कल्याणीनगर

लेकीचं मनापासून अभिनंदन! कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, विमाननगर आणि तुमच्या बाजूला बाणेर-बालेवाडी, एवढ्या पट्ट्यात आता पर्याय भरपूर आहेत. १९९७ मध्ये कोरेगाव पार्कात मलाका स्पाइस सुरू झालं, तोवर आमच्यासाठी एशियन म्हणजे मांचुरियन आणि हक्का नूडल्स. मलेशिया-थायलंडकडचं जेवण आम्ही पहिल्यांदा तिथे चाखलं. तुमच्या धाकट्याचा विचार करता नुसती जपानी जागा नको, नूडल्स आणि फ्राइड राईसही मिळेल अशी मिश्र मेनूची जागा बघा.

बिलाचं एक सांगतो, कारण पाच जण म्हणजे आकडा मोठा होतो. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के लागतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. सर्व्हिस चार्ज मात्र आपल्या खुशीचा. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बिलात आपोआप लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा.

बाणेरचा_आचारी

मेधाताई, मी हॉटेलात सुशी काउंटरवर बरीच वर्षं काढली, आता स्वतःचं केटरिंग करतो. तुमच्या सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. किचनमधल्या माणसाने हे होऊ द्यायलाच नको होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. एखाद्या जागेचं नाव सुचवत नाही, कारण शेफ गेला की त्याच पाटीखाली जेवण बदलतं. जागा कशी पारखायची ते सांगतो.

सगळे आधी माशाचं विचारतात. मी भाताचं विचारतो. सुशीत जिंकणं-हरणं भातावर असतं. आखूड दाण्याचा जपानी तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा, भिजवायचा, शिजवायचा आणि गरम असतानाच हांगिरी नावाच्या पसरट लाकडी टबमध्ये काढायचा. त्यावर तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ यांचं मिश्रण ओतायचं. मग चपट्या उलथन्याने भात ढवळायचा नाही, तिरका कापत कापत मोकळा करायचा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने वारा घालायचा. वाऱ्याने वरचं पाणी उडतं आणि दाण्याला चकाकी येते. नीट झालेला भात हाताला ना गार लागतो ना गरम, आणि ओल्या फडक्याखाली तसाच राहतो. त्याच सर्व्हिसमध्ये तो संपवायचा. काही ठिकाणी उरलेला भात फ्रिजमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशी बाहेर येतो. थंडीत भातातला स्टार्च कडक होतो, दाणा आतून खडखडीत लागतो. वर कितीही महागडा मासा ठेवा, तो घास वाया गेला.

म्हणून बसल्या बसल्या मोठी ऑर्डर देऊ नका. आधी फक्त काकडीचा साधा रोल मागवा, मेनूवर कप्पा माकी लिहिलेलं असतं. त्यात काकडी, भात आणि नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, बस्स. मेयो नाही, तळलेला चुरा नाही, लपायला जागाच नाही. नोरी दाताखाली कुरकुरली पाहिजे. चामट लागली आणि ओढून तोडावी लागली, तर रोल आधीच वळून ठेवलेला होता. भात कोमट आणि एकजीव, पण दाणा न दाणा वेगळा कळतोय, अशी जागा सापडली की पुढची ऑर्डर बिनधास्त द्या. नाही जमलं तर धाकट्यासोबत सगळ्यांनी नूडल्स खा आणि सुशी दुसरीकडे. याच कारणाने सुशी घरपोच मागवू नका. तासभर डब्यात बसलेली नोरी कोणत्याही शेफच्या हातची असो, मऊच पडणार.

आता कच्चा मासा. पुण्याला समुद्र नाही ही भीती इथे लागू पडत नाही. काउंटरवरचा सॅमन आपल्या किनाऱ्यावरचा नसतोच, बहुतेक नॉर्वेच्या मत्स्यशेतीतला असतो आणि विमानाने येतो. त्यामुळे १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीचाही त्याच्याशी संबंध नाही. खरा प्रश्न गोठवण्याचा. कच्च्या माशातल्या जंतांसाठी नियम असा, की मासा उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ ला गोठवून त्याच तापमानात १५ तास ठेवायचा. याने जंत मरतात, बॅक्टेरिया मरत नाहीत, म्हणून पुढची साखळी थंड आणि स्वच्छ लागते. तुम्ही विचारा, मासा कधी आला, कसा ठेवता? चांगला शेफ या प्रश्नाने खूश होतो. जो वैतागतो त्याच्याकडे शिजवलेलंच खा.

एक कळकळीची विनंती. व्हिडिओ बघून गणेश पेठेतल्या मच्छी मार्केटमधून सुरमई-बांगडा आणून घरी कच्चा खायचा प्रयोग कुणी करू नका. तो मासा बर्फावर येतो, शिजवून खाण्यासाठी. उणे २० तो कधी बघत नाही. जपानातही बांगड्याच्या जातीचा मासा मीठ आणि व्हिनेगर लावून मुरवतात, पण व्हिनेगरने त्यातला जंत मरत नाही.

ताई, तुम्ही मालवणच्या, तुम्हाला कच्चं खायलाच पाहिजे असं काही नाही. एबी म्हणजे उकडलेली कोळंबी, उनागी म्हणजे भाजलेला ईल, सापासारखा लांब मासा, गोडसर सॉस लावलेला. दोन्ही शिजवलेले असतात आणि अस्सल सुशीच आहेत. अबुरी मागवलीत तर वरून ज्योतीने शेकलेला सॅमन येतो. लेकीला मात्र साधी सॅमन निगिरी, म्हणजे हाताने दाबलेल्या भातावर माशाचा काप, खाऊ द्या, तिने ती कमावली आहे.

सासूबाईंचं आता नीट वाचा. जपानी किचनमध्ये मासा ताटात दिसतो त्याहून जास्त पाण्यात असतो. दाशी हा त्यांचा मूळ रस्सा कोंबू नावाच्या समुद्री शेवाळापासून आणि कात्सुओबुशीपासून होतो. कात्सुओबुशी म्हणजे वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचे कीस. म्हणून मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टच्या, सूपमध्ये टोफूच दिसला तरी ते शाकाहारी धरू नका. आगेदाशी, म्हणजे तळलेला, टोफू त्याच रश्शात बसलेला असतो. इनारी सुशीत भात भरायची टोफूची पिशवी बहुतेकदा दाशीतच शिजवतात. पोंझू या आंबट सोया सॉसमध्ये बोनिटो असू शकतो. टेंपुरा या जपानी भज्यांच्या पिठात अनेकदा अंडं असतं आणि जपानी मेयोत अंड्याचा बलक असतोच, म्हणजे 'व्हेज क्रंची रोल' गेला. कानिकामा, म्हणजे क्रॅब स्टिक, ही पांढऱ्या माशाची पेस्ट. रोलवरचे केशरी बारीक दाणे माशाची अंडी असतात. मिरिन या स्वयंपाकातल्या गोड तांदळाच्या वाइनमध्ये दारूचा अंश असतो, तेही त्यांना चालणार नसेल तर आधीच सांगा.

मग काय उरतं? बरंच. काकडी, अवोकाडो, मुरवलेला पिवळा मुळा, शतावरी यांचे रोल. मीठ लावलेले एडामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा. मिसो लावून भाजलेलं वांगं, फक्त लेप दाशीने पातळ केलेला नाही एवढं विचारून. आणि फोन करून आदल्या दिवशी कळवलंत तर कोंबू आणि सुक्या शिताके मशरूमची दाशी करता येते. जपानी बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी नावाचा स्वयंपाक असतो. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, आणि रस्सा याच दोन गोष्टींचा. त्यामुळे शाकाहारी दाशी ही आजींसाठी केलेली तडजोड अजिबात नाही. ज्याला सुशी येते त्याला ती यायला हवी.

अश्विनी_सदाशिव

आमच्याकडे सगळेच शाकाहारी, म्हणून वरच्या यादीत भर घालते. मिश्र मेनूच्या जागी जाणार असाल तर थाय, कोरियन आणि चायनीजचंही बघा. थाय करीच्या पेस्टमध्ये कोळंबीची पेस्ट, सोम ताम या कच्च्या पपईच्या सॅलडमध्ये फिश सॉस आणि सुकी कोळंबी, पॅड थाय नूडल्समध्ये अंडंसुद्धा. किमची नुसती कोबीची दिसते, पण तीत खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस बऱ्याचदा असतो. चायनीज भाज्यांत ऑईस्टर सॉस. त्याचा मशरूमपासून केलेला शाकाहारी प्रकार मिळतो, तो वापरता का हे विचारायचं.

मी "व्हेज आहे का?" असं विचारणं बंद केलंय. "फिश सॉस आहे का? ऑईस्टर सॉस? सूपमध्ये माशाचं काही?" असं एकेक नाव घेऊन विचारते आणि किचनमध्ये जाऊन विचारून या म्हणते. वेटरलाही ते सोपं जातं.

मेधा_कर्वेनगर

सगळ्यांचे किती आभार मानू! आचारीदादा, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. मठातला स्वयंपाक ऐकून त्यांचा चेहरा खुलला. म्हणाल्या, मग मी ते सूपच घेईन.

आज दोन ठिकाणी फोन केला. एकाने "मॅडम, व्हेज म्हणजे व्हेज" म्हणून विषय संपवला. दुसऱ्याने सरळ शेफला फोन दिला. मुलगा दार्जिलिंगचा, फार नम्र. कोंबू-शिताकेचं सूप करतो म्हणाला, एक दिवस आधी कळवा. आजींचे रोल वेगळ्या पाटावर आणि वेगळ्या सुरीने कापतो, हे मी न विचारता त्यानेच सांगितलं. शनिवारी दुपारचं टेबल घेतलंय. सकाळी लेकीला सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात फोटो काढायचे आहेत, तिथून थेट जाऊ.

दोनच शंका. सासूबाईंना चॉपस्टिक्स जमणार नाहीत. आणि वासाबी, ती सुशीसोबतची झणझणीत हिरवी पेस्ट, त्यांना चालेल का? दुसरं म्हणजे, घरी असा भात आपल्या तांदळाचा होईल का? लेक मागे लागणार हे मला आत्ताच दिसतंय.

बाणेरचा_आचारी

वेगळ्या पाटाचं स्वतःहून बोलला ना, मग निर्धास्त जा. नेमका असाच माणूस शोधायचा असतो.

सुशी हाताने खाणं जपानातही रीतीला धरून आहे, आजींना खुशाल हाताने खाऊ द्या. सोया सॉस अगदी थोडा, रोलची कड जेमतेम टेकवायची. भात बुडवला की तो फुटतो आणि खारट होतो. वासाबी शाकाहारीच. आपल्याकडे मिळते ती बहुतेक हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांची असते. मोहरीची झणक त्यांना आवडत असेल तर टाचणीच्या डोक्याएवढी देऊन बघा. गुलाबी आल्याच्या चकत्या दोन प्रकारांच्या मध्ये खायच्या, रोलवर ठेवून नाही.

घरच्यासाठी मावळातला इंद्रायणी घ्या. चिकट आहे, सुवास आहे, माकी रोल छान वळतो. पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, नाहीतर गचका होईल. निगिरी त्याची मला मनासारखी जमली नाही, दाणा दबतो, तिला जपानी तांदूळच हवा. लाकडी टब नसला तर परात चालेल, वारा घालायला धाकट्याला बसवा.

आणि शनिवारी उशीर करू नका. किचन दुपारी उघडतं तेव्हा भात नुकताच मोकळा केलेला असतो. साडेबाराला टेबलावर असा, काउंटरजवळचं मिळालं तर तेच घ्या, लेकीला शेफचे हात बघता येतील.