पावसाने शर्यत रद्द झाली हे ठीक, पण ते दुपारी तीननंतर का सांगता?

घाटवेडा
रविवारी पुण्याजवळच्या खेड तालुक्यात एका यात्रेच्या बैलगाडा शर्यतीला गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही कारण हे एका गावापुरतं नाहीये. आदल्या दिवशीच हवामान खात्याचा यलो अलर्ट होता, सकाळपासून पश्चिमेला काळं भरून आलेलं, शेंबड्या पोराला पण कळत होतं की आज पडणार. तरी माईकवर आपलं चालूच, ढग निघून जाईल, कोणी जागा सोडू नका, पुढची बारी तयार ठेवा. दोनला सरी कोसळल्या आणि घाटाचा, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या धावपट्टीचा, मुरूम वरून साबणासारखा झाला. त्यानंतर पण तासभर कोणी काही सांगेना. तीन वाजून गेल्यावर "पावसामुळे रद्द", माईक बंद आणि कमिटी गायब. प्रवेश फीचं काय, सकाळी पळालेल्या गाड्यांच्या बक्षिसाचं काय, विचारायचं कोणाला? शेजारी नगरकडचा एक गाडामालक होता, भाड्याच्या पिकअपमधून बैल आणलेले, पाळीचं टोकन दुपारनंतरचं. गोणपाटाने बैलाची पाठ पुसत उभा होता बिचारा, भांडायला पण गेला नाही.
पाऊस कोणाच्या हातात नाही, मान्य. पण किती वाजेपर्यंत वाट बघायची, कोणी ठरवायचं आणि पैशाचं काय, हे टोकन देतानाच छापून द्या ना राव!

कमिटीतला_गडी
बोलायला काय जातंय. मी आमच्या गावच्या कमिटीत आहे म्हणून सांगतो. परवानगी एका तारखेची मिळते, तीही कलेक्टर ऑफिसला खेटे घालून. डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, बंदोबस्त सगळं त्या दिवसापुरतं. यात्रेची तारीख देवाची, ती पुढच्या रविवारी ढकलता येत नाही. फीचे पैसे म्हणाल तर ते घाट दुरुस्ती, रोलर, टँकर, मंडप यातच संपतात, बाकीची वर्गणी. आणि अलर्ट बघून सकाळीच रद्द केलं अन पाऊस आलाच नाही, तर तुम्हीच म्हणणार घाबरट कमिटी आहे.

फाटीवरचा_सातारकर
तुमच्या पुण्याकडच्या घाटाचा मूळ लोचा वेगळाय. एकेक गाडा घड्याळावर पळतो, आणि ठरलेल्या सेकंदांच्या आत आला की पहिल्या नंबरात. मग सकाळी कोरड्या घाटात पळालेला आणि पावसानंतर पळालेला यांची बरोबरी कशी करणार? अर्ध्यात पाऊस आला की निकाल कुजलाच. आमच्याकडं सपाट मैदानात गट, सेमी, फायनल. एका गटातले सगळे एकाच वेळी सुटतात, भिजले तर सगळेच भिजले. घड्याळ सोडा आणि मैदान घ्या.

घाटवेडा
वा, म्हणजे तुमच्याकडं सगळं समान? चिठ्ठीत कडेची फाटी, म्हणजे पळायची पट्टी, आली आणि तिच्यात पाणी साचलेलं असलं मग? आणि घाट निदान मुरमाचा, दोन उन्हं पडली की सुकतो. तुमची मैदानं शेतात, काळ्या रानात एक सर पडली की दोन-तीन दिवस पाय निघत नाही. मे २०२५ आठवा, मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला होता, त्याच्या आधी पण अवकाळी धो धो, त्या महिन्यात कुठल्या फॉरमॅटवाला कोरडा राहिला ते सांगा.

गोठ्यातला_डॉक्टर
दोघंही पैशावर आणि निकालावर भांडताय. जनावराचं बोला. ओल्या घाटात जुकाटाचा, म्हणजे पुढच्या जोडीतला, बैल घसरला की धुरेची म्हणजे मागची जोडी आणि गाडा मागून त्याच्यावर येतो, पाय मोडला की बैल संपला. आणि पळवण्यासाठी तापवलेलं जनावर गार पावसात तासभर उभं करायचं, का तर "ढग जाईल". मी तर म्हणतो पहिला थेंब पडला की बंद. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतीला परवानगी देणारा कायदा वैध ठरवला. एवढी वर्षं घालवून मिळालंय हे. चिखलात पडलेल्या बैलाचा एक व्हिडिओ फिरला की परत कोर्टात.

कमिटीतला_गडी
डॉक्टर, पहिला थेंब म्हणजे अतीच झालं. वळवाचे चार थेंब सगळीकडे पडतात, मग चैत्र-वैशाखात एक यात्रा पार पडायची नाही.

मिल्टनचा_पाटील
मी कॅनडात, घरापासून वूडबाइन मोहॉक पार्क हा घोड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक जवळच. हार्नेस रेसिंग, म्हणजे घोड्याला जोडलेली दोन चाकांची हलकी गाडी, मागे बसलेला ड्रायव्हर, एक मैलाची रेस. इथे ट्रॅकवर बारीक दगडाची पूड असते, आडवा उतार दिलेला, त्यामुळे नुसत्या पावसाने सहसा रद्द होत नाही. ओल्या ट्रॅकची नोंद निकालातच होते आणि त्या दिवशी ट्रॅक किती सेकंद स्लो होता तेही लिहितात, सातारकरांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे बघा. रेस रद्द तर त्या रेसवर लावलेले पैसे परत. पण शिव्या इथे पण आहेतच. थंडीत बर्फ पडला की संध्याकाळच्या रेस दुपारी उशिरा रद्द करतात, तोवर लांबचे घोडे ट्रेलरमध्ये निघालेले असतात.

कमिटीतला_गडी
पाटील, तिकडे बेटिंगचा पैसा आहे हो, ट्रॅकचा धंदाच तो. इथे स्टॉपवॉच धरणारा आमचा मामा असतो, तो ट्रॅक किती सेकंद स्लो होता हे ठरवायला लागला तर रात्री त्याचं घर फोडतील.
खरी गोम सांगू का? निर्णय लांबतो तो गाडामालकांमुळे. सकाळी ज्याचे सेकंद भारी बसलेत तो कानात सांगतो, आता थांबवा आणि निकाल लावा. ज्याची बारी बाकी आहे तो म्हणतो, तास थांबा, सुकेल. दोघांनी वर्गणी दिलेली, दोघं पाहुण्यातले. कोणाचं ऐकू?

घाटवेडा
म्हणूनच तर आधी लिहून ठेवा म्हणतोय! एक वेळ ठरवा, तोवर घाट सुकला नाही तर बंद, डॉक्टरांनी घाटात चालून बघायचं, त्यांचा शब्द शेवटचा. ज्याची बारी झालीच नाही त्याला अर्धी फी परत. कागदावर असलं की पाहुणा काय अन सरपंच काय.

फाटीवरचा_सातारकर
आमच्या रविवारच्या मैदानाच्या पावतीवर लिहिलंय की, मोठ्या अक्षरात. "पावसामुळे मैदान रद्द झाल्यास फी परत मिळणार नाही." या पळवायला.