फ्लॅट घेताना ईशान्य बघता, पूररेषा कोण बघणार?

कृष्णाकाठ: सध्या मेहुण्यासाठी सांगलीत टू बीएचके बघतोय. साइटवर आलेली माणसं विचारतात काय, तर ईशान्येला टॉयलेट नाही ना, कव्हर्ड पार्किंग आहे ना. पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिलमधे किती ऊन येतं, बोअर आटला की पाणी कुठून, कुणाला पडलेलं नाही. ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला रेन वॉटर हार्वेस्टिंग कंपल्सरी आहे, पण पावसाचं पाणी जिरवायचा शोषखड्डा कुठाय विचारलं तर सेल्सवाला माझ्याच तोंडाकडं बघायला लागला. गिऱ्हाईकच विचारत नाही मग बिल्डर कशाला करंल?

मिरजकर७७: काय राव, गिऱ्हाईकाला शहाणपण शिकवणं सोपंय. लोन, स्टॅम्प ड्युटी यातच माणूस अर्धा होतो आणि विचारून तरी काय, भिंत आधीच उभी असते. ग्रिहा नाहीतर आयजीबीसीचं पर्यावरणपूरक इमारतीचं रेटिंग आणलं की बिल्डरला ३ ते ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे तेवढं जादा बांधकाम, आपल्याला ब्रोशरवर झाडाचं चित्र आणि वाढीव रेट!

कृष्णाकाठ: मग सर्टिफिकेट दाखवा म्हणायला पैसे पडतात का? बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेराच्या साइटवर प्रोजेक्टची कागदं असतात, कितीजण उघडतात?

गावभागातली: तुमचं एफएसआय राहू दे बाजूला. २००५, २०१९, २०२१, एवढे महापूर बघितले आपण. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आपल्याकडं पहिला प्रश्न निळ्या रेषेचाच, म्हणजे पूररेषेचाच पाहिजे. ओढ्यात भराव टाकून उभारलेल्या बिल्डिंगला प्लॅटिनम रेटिंग मिळालं तरी काय चाटायचंय? मीटर, पंप सगळं खाली पार्किंगमधे, ते बुडालं की चौथ्या मजल्यावरचा पण अंधारात, घर कोरडं आणि प्यायला पाणी नाही.

मिरजकर७७: ताई मान्य, पण रेषेबाहेरचे रेट बघितलेत का? लोकांना सगळं कळतं हो, पूर येतो म्हणूनच तिथं स्वस्त मिळतं आणि स्वस्त मिळतं म्हणून घेतात. अवेअरनेस नाही असं नाय, पैसा नाय.

गावभागातली: फर्निचर दोनदा करायला लागलं की ते स्वस्त कितीला पडतं हिशेब करा एकदा.

कुपवाडवाला: जरा वेगळं. सोसायटीच्या लिफ्ट-लाइटसाठी सोलर लावलं तर पीएम सूर्यघर योजनेत किलोवॅटला १८,००० सबसिडी आहे. आम्ही कोटेशन काढायला गेलो तर कळलं, बिल्डरनं गच्ची वरच्या मजल्यावाल्याला लिहून दिलीय, आता तो पॅनल लावू देईना. मेहुण्याला म्हणावं ॲग्रीमेंटमधे गच्चीचं कलम आधी वाच, जिम नंतर.