अनुवाद 28 मधला ‘जर’

प्रश्न: आईच्या बायबलात ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायाच्या पानावर तेलाचे डाग आहेत, रोज ओट्यापाशी वाचून वाचून. ‘आज्ञा पाळशील तर आशीर्वाद.’ बाबांना अर्धांगवायू झाला आणि चर्चच्या मंडळीतल्या एकाने विचारलं, “घरात कुणी आज्ञा मोडली का?” तेव्हापासून आई प्रार्थनेला बसते, पण तोंडातून शब्द नाही. तिला काय सांगू?

उत्तर: ताई, बायबलातल्याच ‘उत्पत्ती’ पुस्तकाचा 15 वा अध्याय वाचून दाखवा. करार करणारे कापलेल्या पशूंमधून जात, ही तेव्हाची रीत. इथे देवाची खूण म्हणून जळती मशाल जाते, तेव्हा अब्राम (पुढचा अब्राहाम) गाढ झोपलेला असतो. करार देवाने एकट्याने अंगावर घेतला.

दुसरं उत्तर: खरं आहे, पण उत्पत्ती 22:18 मध्ये अब्राहामाने देवाचं ऐकलं म्हणून आशीर्वाद, असंही आहे. आज्ञापालन वगळू नका. मात्र अनुवाद 28 मोशेने मवाब देशात अख्ख्या इस्राएल लोकांना सांगितलं होतं. त्यावरून एका घरातल्या आजाराचं कारण काढणं मला पटत नाही. योहान 9 मध्ये शिष्य जन्मांधाबद्दल हेच विचारतात. तिसऱ्या वचनात येशू म्हणतो, पाप यानेही केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही.

प्रश्नकर्ती: काल बाबांच्या खाटेशी बसून योहान 9 वाचला. आई म्हणाली, “ते तिसरं वचन परत वाच गं.”