ग्दान्स्कनं रशियन शहरांशी नातं तोडलं, ते बरोबर की चूक?

वाटसरू:
रशियानं युक्रेनवर चाल केली आणि लगोलग मार्च २०२२ मध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या नगर परिषदेनं कॅलिनिनग्राड आणि सेंट पीटर्सबर्गशी असलेले भगिनी शहराचे, म्हणजे दोन देशांतल्या शहरांमधल्या मैत्रीचे, करार रद्द केले. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

याच ग्दान्स्कचा १९७६ साली ब्रेमेनशी करार झाला. पोलिश आणि पश्चिम जर्मन शहरांमधला हा पहिला. १९३९ मध्ये जर्मन युद्धनौकेनं ग्दान्स्कच्या वेस्टरप्लाटेवर तोफा डागल्या, त्याला तेव्हा ४० वर्षंही झाली नव्हती. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट होती. डिसेंबर १९८१ मध्ये तिथले सत्ताधारी जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा लावला, सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेची माणसं तुरुंगात गेली, तरी ब्रेमेननं करार मोडला नाही. पश्चिम जर्मनीतून सामान्य घरांत खाण्यापिण्याची पार्सलं येत राहिली. सरकारचा राग शहरावर काढायचाच होता, तर तेव्हाही निमित्त होतंच की!

टोचणी:
तुलनाच चुकतेय. १९८१ च्या पोलंडनं स्वतःच्या माणसांना कोंडलं, शेजाऱ्यावर रणगाडे नाही घातले. शिवाय कॅलिनिनग्राड म्हणजे काही नुसतं बंदर नव्हे. रशियाच्या बाल्टिक नौदलाचं ठाणं त्याच प्रांतात आहे, ग्दान्स्कपासून शे-दीडशे किलोमीटरवर. तिथल्या पालिकेबरोबर सांस्कृतिक महोत्सव भरवायचे आणि इकडे स्टेशनवर युक्रेनमधून आलेल्या बायका-मुलांना चहा द्यायचा, हे एका शहराला कसं जमावं?

वाटसरू:
महोत्सव भरवा असं कोण म्हणतंय? करार गोठवता आला असता. मार्च २०२२ मध्येच रशियात सैन्याची 'बदनामी' करणं गुन्हा ठरलं. तिथला नगरसेवक तोंड उघडू शकत नाही. त्याच्या गप्प बसण्याची शिक्षा त्यालाच?

धक्क्यावरचा:
दोघांनाही एक विचारतो. करारानं नक्की काय चालत होतं? खरी जवळीक कराराची नव्हतीच. २०१२ ते २०१६ या काळात कॅलिनिनग्राड प्रांत आणि ग्दान्स्कच्या परिसरातल्या रहिवाशांना स्थानिक परवान्यावर व्हिसाशिवाय ये-जा करता यायची. रशियन माणसं ग्दान्स्कच्या दुकानांत किराणा आणि फर्निचर घ्यायला यायची, पोलिश गाड्या तिकडं स्वस्त पेट्रोल भरायला जायच्या. जुलै २०१६ मध्ये पोलंडच्या सरकारनं ते बंद केलं. माझ्या मते खरं नातं तेव्हाच तुटलं. २०२२ मध्ये रद्द झाला तो नुसता कागद. मुंबईचीही सेंट पीटर्सबर्गशी अशीच जोडी आहे. कुणा मुंबईकराला ठाऊक तरी आहे का?

मधली सुट्टी:
कागदाला कमी लेखू नका. पोलंडमधलंच क्राश्निक शहर घ्या. मे २०१९ मध्ये तिथल्या परिषदेनं 'एलजीबीटी विचारसरणी'विरुद्ध ठराव केला. फ्रान्समधल्या नोझाँ-सूर-वाझ या भगिनी शहरानं संबंध तोडले, नॉर्वेकडून मिळणारा निधी हातचा जायची वेळ आली, आणि एप्रिल २०२१ मध्ये ठराव मागे घेतला गेला. नातं तोडण्याचाही उपयोग होतो.

वाटसरू:
नॉर्वेचा निधी म्हणालात ना, तिथंच सगळं आलं. पोलंडमधल्याच तुखूफ गावाचंही बघा. तसाच ठराव, तशीच फ्रेंच भगिनी शहराची नाराजी, २०२० मध्ये युरोपीय संघानं भगिनी शहर कार्यक्रमाचे पैसे नाकारले. लगेच पोलंडच्या न्यायमंत्र्यांनी सरकारी निधीतून अडीच लाख झ्वोटी (पोलिश चलन) देऊ केले! झालं, बहिष्काराचा उलट सत्कार झाला.

टोचणी:
म्हणजे पैसा दिसला की शहर हलतं, एवढंच सिद्ध झालं. ग्दान्स्कला कॅलिनिनग्राडला हलवायचं नव्हतंच. आपण कुणाच्या बाजूचे, हे स्वतःच्या नागरिकांना सांगायचं होतं. परिषदेचं ते कामच आहे.

करवीरकर:
जरा अवांतर. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. तेव्हा कसले भगिनी शहराचे करार? तरी वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे. माणसांना आठवण राहिली म्हणून. धक्क्यावरचा यांच्याशी सहमत.

टोचणी:
हे उदाहरण माझ्याच पदरात पडलं! कागदाशिवाय नातं टिकतं, मग कागद फाडल्यानं काय बिघडलं?

वाटसरू:
बिघडलं ते असं. गोठवलेला करार पुन्हा सुरू करायला एक पत्र पुरतं. रद्द केलेला पुन्हा करायचा तर नवा ठराव, मतदान, वर 'ग्दान्स्कची रशियाशी हातमिळवणी' अशा बातम्या. त्यासाठी कुठला नगरसेवक हात वर करेल?

टोचणी:
कुणीही करू नये. निदान युद्ध चालू असेपर्यंत तरी.